फोजेरच्या मादाम, तुमचे मनापासून आभार

मादाम, नमस्कार.

दक्षिण फ्रान्समधल्या फोजेर या वाइनच्या गावात तुमच्याकडे येण्याआधी मी शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात गेलो होतो. दहा युरोच्या आत चांगली रेड वाइन मिळेल का, एवढंच विचारलं. विक्रेत्याने सगळ्यात खालच्या फळीकडे बोट दाखवलं आणि पाठ फिरवली. खिसा लहान म्हणजे माणसाला चवही नसणार, हे तो धरूनच चालला, ते फार लागलं.

तुम्ही आधी विचारलंत, जेवायला काय करणार? मटणाचा रस्सा म्हटल्यावर तिखट किती, खोबरं घालता का, सगळं बारकाईने विचारून घेतलंत. मग ओकच्या पिंपात मुरलेली अठरा युरोची बाटली माझ्या हातातून काढून घेतलीत, परत फळीवर ठेवलीत आणि आठ युरोची दिलीत. तिखटाबरोबर तुरटपणा आणि चढं अल्कोहोल जिभेला आणखी झोंबतं; ही सांसो जातीच्या द्राक्षांची हलकी वाइन घ्या, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, म्हणालात. हातात आलेली विक्री अशी सोडून देणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. रात्री रश्श्याबरोबर प्यालो. लाल फळांची चव, मागून मिऱ्याचा आणि रानातल्या थाइमचा वास. रस्साही खुलला.

तुमच्या या लांगदोक प्रांताने वर्षानुवर्षं फ्रान्सला घाऊक, स्वस्त वाइन पुरवली. १९०७ साली भाव कोसळले तेव्हा इथले द्राक्षबागायतदार लाखोंनी मोंपेलिए शहराच्या रस्त्यावर उतरले. मी नाशिककडचा, त्यामुळे पडलेला भाव घराचं काय करतो ते मला सांगावं लागत नाही. ‘स्वस्त माल’ हा शिक्का अजून पुरता पुसलेला नाही, म्हणून किंमत आवाक्यात आहे. लांगदोकमधल्याच फोजेर आणि सँ-शिनियाँला एओसी दर्जा, म्हणजे त्या भागाच्या नावाने वाइन विकण्याची सरकारी मान्यता, मिळाला १९८२ साली, कोर्बिएर आणि मिनेर्वुआला १९८५ साली. ओळखीच्यांना मी आता हीच चार नावं सांगतो. कारिन्याँ जातीच्या द्राक्षाच्या जुन्या वेलींची वाइन दिसली तर सोडू नका, हेही सांगतो. पाटीसारख्या थरांच्या दगडात मुळं घालून उभ्या असलेल्या त्या वेली तुम्ही दाखवल्यात, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहून मलाच भरून आलं.

समोरच्याची ऐपत न जोखता त्याच्या ताटाची चौकशी करणारी माणसं अजून आहेत, याचा आनंद वाइनपेक्षा मोठा आहे.

पुढच्या महिन्यात भाऊ-वहिनी येताहेत. त्यांना घेऊन येतो. वहिनी बांगड्याचं कालवण करणार आहे. त्याच्याबरोबर कोणती न्यायची, ते तुम्हीच ठरवा.