गाडीच्या बारीविषयी आई-बाबांना

मिशिगन

ती. आई आणि बाबा,
सा. न.

दादाने तुम्हाला माझा तो व्हिडिओ दाखवला आणि वर ‘ही आता रेसिंग करते’ असंही सांगून मोकळा झाला. म्हणजे आईची झोप उडणारच. फोनवर समजवायला गेलं की निम्मा वेळ ‘अगं पण’मध्येच जातो, आणि बाबा तर काही न बोलता फोन आईकडे देऊन टाकतात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. बाबा, तुम्ही स्वतः वाचा, आईने वाचून दाखवायची वाट बघू नका. शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

आई, पहिली गोष्ट म्हणजे हा रस्ता नाही आणि माझ्या शेजारी दुसरी गाडी पळत नाही. या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. एखादं मोठं रिकामं पार्किंग किंवा जुन्या विमानतळाचं काँक्रीट भाड्याने घ्यायचं, त्यावर नारिंगी प्लॅस्टिकचे कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची आणि घड्याळ लावून एकेक गाडी सोडायची. ज्याला कमी वेळ लागला तो वर. तुला हे पटकन कळेल, कारण आपल्याकडचा बैलगाडा असाच पळतो. सांगली-साताऱ्याकडे गाड्या शेजारी-शेजारी सोडतात, पण आपल्या जुन्नर-आंबेगावच्या घाटात एका वेळी एकच गाडा, आणि निशाण पडलं की सेकंद मोजायचे. मी माझ्या फेरीलाही त्या गाड्याच्या फेरीसारखं बारीच म्हणते. इथली माझी पंजाबी मैत्रीणही आता ‘तेरी बारी कैसी गई’ असं विचारते. फरक इतकाच की आपल्या घाटात माणसं दोन्ही कडांना खेटून उभी असतात, कुणीतरी पोरगं मध्येच उडी मारून पळतं, आणि इथे बघ्यांना वाटेच्या जवळपासही फिरकू देत नाहीत.

हे कुणी चार टवाळ पोरं जमून करत नाहीत. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका म्हणून संस्था आहे, १९४४ सालची. त्यांच्या या प्रकाराला ‘सोलो’ म्हणतात. १९७३ पासून त्याची राष्ट्रीय स्पर्धा होते, हल्ली सप्टेंबरात नेब्रास्कातल्या लिंकनला, आणि हजारावर लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात. मी तिथवर पोचलेली नाही, पोचेन असंही वाटत नाही. मी ऑफिसला नेते तीच होंडा सिव्हिक घेऊन जाते. नव्या माणसाने गाडीला काही लावायचं-बिवायचं नसतं. दिवसाची फी पन्नास-साठ डॉलर आणि टायरची हवा मोजायचं एक चांगलं मीटर, एवढ्यावर सुरुवात होते. हेल्मेटसुद्धा क्लब उसनं देतो.

वेगाचं सांगते, कारण आईचा पहिला प्रश्न तोच असणार. वाट आखणाऱ्यांना नियमच असा आहे की माझ्यासारख्या साध्या गाड्यांपैकी सगळ्यात वेगवान गाडीचाही वेग सरळ पट्ट्यात ताशी साठ मैलांच्या थोडाच वर जावा, म्हणजे आपल्या हिशोबाने शंभर किलोमीटरच्या आसपास. माझी सिव्हिक तिथपर्यंतही जात नाही, बहुतेक सगळी बारी दुसऱ्या गिअरमध्येच संपते. वाट कुठल्याही खांबापासून, भिंतीपासून साधारण २५ फूट तरी लांब ठेवायची, आणि जिथे वेग जास्त तो भाग माणसांपासून सगळ्यात दूर. वळणामागून वळण देतात ते मजेसाठी आहेच, पण खरं कारण हे की गाडीला वेग घ्यायला जागाच मिळू नये. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला चौपट अंतर लागतं, हे बाबांना मी कशाला सांगू.

बाबा, सकाळची तपासणी तुम्हाला आवडेल. डेपोतून गाडी काढण्याआधी तुम्ही जे बघायचात, जवळपास तेच. गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर काढायचं. पाण्याची बाटली, छत्री, चार्जरची वायर, पायाखालचं मॅट, सगळं. बाटली घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. चाकांच्या टोप्या उतरवायच्या. मग एक सत्तरीचे गृहस्थ येतात, गुडघ्यावर बसतात, चाकाला एक हात वर आणि एक हात खाली लावून गदागदा हलवतात. बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर गाडी तिथूनच परत. बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, टायरची तार दिसत नाही ना, नट आवळलेले आहेत का, ब्रेकचं पेडल दाबलं की कडक लागतं का, सीटबेल्ट कसा आहे. शेवटी हेल्मेट उलटं करून आतलं स्टिकर वाचतात. त्यावर स्नेलचा किंवा तशाच मान्य संस्थेचा शिक्का लागतो. पीट स्नेल नावाचा एक हौशी रेसर १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात अपघातात गेला, डोक्यावर हेल्मेट असूनही. त्याच्या सोबत्यांनी आणि डॉक्टरांनी पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने हेल्मेट तपासणारी संस्था काढली. आपल्याकडे पंपावर पेट्रोल मिळावं म्हणून लोक जे टोपलं डोक्यावर ठेवतात ते इथे गेटातही घेणार नाहीत.

उंच गाड्यांना मनाई आहे. ज्या गाडीची उंची तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरापेक्षा जास्त, ती झपाट्याच्या वळणात कलंडू शकते, म्हणून बऱ्याचशा एसयूव्ही बाद. दादाला हे मुद्दाम सांगा, कारण त्याची उंच गाडी किती ‘स्टेबल’ आहे हे तो मला दर रविवारी ऐकवतो.

मग पायी फिरणं. गाडीत बसण्याआधी सगळी वाट चालून पाठ करायची. मला यातच सगळ्यात जास्त रस आहे. गाडीतून बघितलं तर नुसता नारिंगी कोनांचा समुद्र दिसतो. उभ्या कोनाशेजारी एखादा आडवा टाकलेला असतो, त्याचं टोक जिकडे, त्या बाजूनेच जायचं असतं. टोक ज्या उभ्या कोनाकडे रोखलेलं, त्याच्या पलीकडून जायचं, आडवा कोन पडला आहे त्या बाजूने नाही. प्रत्येक कोनाभोवती जमिनीवर रेघ मारलेली असते. धक्का लागून कोन सरकला, पण उभा राहिला आणि थोडा जरी रेघेच्या चौकटीत असला तर माफ. पडला किंवा पूर्ण बाहेर गेला तर दोन सेकंद दंड. वाटच चुकली तर ती बारी धरतच नाहीत. पहिल्या दिवशी अनुभवी माणूस शेजारी बसवून देतात. माझ्या शेजारी एक शाळेतल्या निवृत्त बाई बसल्या होत्या, आणि त्या मला बारीभर एकच गोष्ट सांगत होत्या, ‘पुढे बघ, पुढे बघ.’ समोरच्या कोनाकडे नाही, त्याच्या पुढच्याच्या पुढच्याकडे. नजर जिकडे, हात तिकडे. माळशेज उतरताना तुम्ही वळणाच्या आतल्या कठड्याकडे न बघता पार पलीकडे बघत असायचात, मी क्लीनरच्या बाजूच्या सीटवर बसून ते बघितलं आहे.

आणि ब्रेक. इतकी वर्षं गाडी चालवून मी कधी ब्रेक पूर्ण दाबलाच नव्हता. इथे दाबावा लागतो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागलं की पायाखाली पेडल धडधडतं, खालून खर्रखर्र आवाज येतो, आणि नवा माणूस घाबरून पाय उचलतो. रस्त्यावर नेमका तोच क्षण जिवावर बेततो. वेग जास्त ठेवून स्टिअरिंग कितीही वळवलं तरी पुढची चाकं सरळच घसरत जातात, आणखी वळवून उपयोग नसतो, पाय हलका करावा लागतो, हेही मला इथेच हातांना कळलं. नियमात ते कुठेतरी वाचलं होतं, पण वाचून काही होत नाही.

आता धोका. तो नाही असं मी म्हणणार नाही, आणि तसं म्हणालेलं तुम्हालाही पटणार नाही. क्लब आधी कागदावर सही घेतो, त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की यात दुखापत होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. पण तो धोका तुम्ही समजता तिथे नाही. गाडीत मी पट्टा बांधून, हेल्मेट घालून, चारी बाजूंनी पत्र्यात बसलेली असते आणि समोर प्लॅस्टिकचे कोन असतात. मला जास्त भीती वाटते ती गाडीच्या बाहेर. इथे प्रत्येकाला अर्धा दिवस चालवायचं आणि अर्धा दिवस वाटेच्या कडेला उभं राहून काम करायचं असतं. पडलेले कोन उचलायचे, रेडिओवर दंड कळवायचा. तिथे अंगावर पत्रा नसतो. म्हणून चालू गाडीकडे पाठ करायची नाही, खाली बसायचं नाही, मोबाइल खिशातून काढायचा नाही, फोटो नाहीत. हातात लाल निशाण, पायाशी आग विझवायचं नळकांडं. कोन उचलायला धावताना पुढची गाडी कुठवर आली हे बघूनच धावायचं. कोन जागेवर ठेवायला वेळ नसेल तर निशाण दाखवून येणाऱ्याला थांबवायचं, त्याला बारी परत मिळते, कुणी काही बोलत नाही. जुने लोक हे काटेकोर पाळतात. दुपारी चारच्या सुमाराला ऊन चढून सगळे आंबलेले असतात तेव्हा पाळणं अवघड जातं. मी टोपी, भरपूर पाणी आणि आईने दिलेलं कोकम आगळ घेऊन जाते. त्या बाटलीवर तिथल्या लोकांचा डोळा आहे.

दुसरा धोका पैशाचा. माझ्या गाडीच्या विम्यात बहुतेक विम्यांसारखंच लिहिलेलं आहे की घड्याळ लावून गाडी पळवली आणि नुकसान झालं तर भरपाई नाही. क्लबचा विमा असतो, पण माझ्या गाडीच्या पत्र्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत. म्हणजे त्या दिवशी काही वाकलं-मोडलं तर माझ्या खिशातून. शिवाय टायर साबणासारखे झिजतात. ही गाडी गेली तर दुसरी घेता येईल एवढं बाजूला टाकूनच मी यात उतरले, आणि त्यासाठी कर्ज काढलेलं नाही. बाबा, तुम्ही विचारायच्या आधीच सांगून ठेवते.

तिसरा धोका घरी येतानाचा. दिवसभर वळणं मारून आलेलं डोकं हायवेच्या बाहेर पडायच्या गोल वळणावर म्हणतं, जरा जोरात घे की. तिथे वाळू पडलेली असते, ट्रक उभा असतो, कुणी २५ फूट मोजलेले नसतात. मी परतीला अर्धा तास कुठेतरी कॉफी घेत बसते आणि मग निघते. काही जणांचं बघते, त्यांची बारी गेटाबाहेरही चालूच राहते. त्यांच्या मागे मी गाडी लावत नाही.

आणि इथूनच बाबांचं काम सुरू होतं. दादाच्या पोराने तो व्हिडिओ बघून मला मेसेज केला आहे. ‘आत्या, बायपासला रात्री रस्ता मोकळा असतो, तिथे बाटल्या ठेवून करता येईल का?’ त्याचं लायसन्स अजून कोरं आहे. मी त्याला नाही म्हणून कळवलं, पण मी इकडे बसून नाही म्हणण्याला काय किंमत? दादा ओरडेल, मग तो लपून जाईल. तुमचं ऐकेल, कारण विनाअपघात सेवेचा तुमचा बिल्ला तो अजून मित्रांना दाखवतो. त्याला रागावू नका. एकदा त्याला घेऊन दिवसाउजेडी माळशेजला जा, त्याला चालवू द्या, आणि तुम्ही मला सांगायचात ते त्याला सांगा, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. धबधब्याच्या गर्दीचे शनिवार-रविवार टाळा. तरी त्याची खुमखुमी जिरली नाही तर त्याला म्हणावं, आपल्या देशातही हे रीतसर होतं. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या परवानगीने ऑटोक्रॉस भरतात, तिथे त्यांचं लायसन्स काढून, हेल्मेट घालून, डॉक्टर आणि अॅम्ब्युलन्स हजर असताना उतरायचं. पहिली फी आत्या भरेल. तोवर रात्री गाडीची किल्ली तुमच्या उशाशी, दादाच्या खुंटीवर नको.

आई, तू मे महिन्यात येशील तेव्हा मी तुला एका रविवारी घेऊन जाणार आहे. बघणाऱ्यालाही गेटावर सही करावी लागते. चपला चालणार नाहीत, बूट घालावे लागतील, ते आधीच घेऊन ठेव. आणि आगळाच्या दोन बाटल्या जास्त आण.

तुमची,
लेक