देश बदलला म्हणजे गद्दारी?

महोदय,
एखाद्या बॅडमिंटनपटूने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की ‘पैशासाठी गेला’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. अशांनी टोनी गुनावानची कारकीर्द जरूर पाहावी. २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये चंद्र विजयाच्या साथीने त्याने इंडोनेशियाला पुरुष दुहेरीचे सुवर्ण मिळवून दिले, पुढच्याच वर्षी हलीम हर्यांतोसोबत जागतिक विजेतेपदही. नंतर तो अमेरिकेत स्थायिक झाला. तिथे बॅडमिंटनला विचारतो कोण! तरीही २००५ मध्ये अनाहाइमला हॉवर्ड बाकसह त्याने अमेरिकेला पहिले जागतिक विजेतेपद जिंकून दिले. अंतिम फेरीत समोर होता तोच चंद्र विजया, सिगित बुदियार्तोसोबत.

या निर्णयाची किंमतही त्याने मोजली. जागतिक स्पर्धेत अमेरिकेकडून खेळता आले, पण ऑलिम्पिकला नागरिकत्व लागतेच. शिवाय आधी एका देशाकडून खेळलेल्याला, सवलत न मिळाल्यास, तीन वर्षे थांबावे लागते. गुनावान अमेरिकेकडून ऑलिम्पिकला उतरला तो थेट २०१२ मध्ये, लंडनला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता आणि जोडी गटातच गारद झाली. दुहेरीत उमेदीची वर्षे मुळात मोजकीच, त्यातली ऑलिम्पिकपुरती कागदपत्रांतच गेली.

इंडोनेशियात दुहेरीच्या खेळाडूंची रांग लागलेली असते, त्यामुळे त्यांचे फारसे अडले नाही. अमेरिकेला मात्र जगज्जेता मिळाला. यात फसवणूक नेमकी कोणाची झाली, हे टीकाकारांनी सांगावे.

– एक बॅडमिंटनप्रेमी वाचक