सोनू, आठ जीबीवर भागवू नकोस

भुसावळ
रविवार, दुपार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन आधी तू ठेवलास की मी, यावरून पप्पांनी सकाळपासून माझं डोकं खाल्लंय. मीच ठेवला. तू म्हणालीस, "अडतीस हजारांत लॅपटॉप मिळतोय, माझं भागेल," आणि त्या "भागेल"वर माझं सटकलं. फोनवर आपलं दोघींचं धड होत नाही, म्हणून लिहिते.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. प्रोसेसर रायझन ५, ७५२० यू, रॅम आठ जीबी. डब्यावर "रायझन ५" दिसलं की माणूस खूश होतो, पण आकडा वाचायचा असतो. या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. इथे तो २ आहे, म्हणजे जुनी झेन २ आणि कोअर, म्हणजे काम करणारे मेंदू, चारच. ७५३० यू म्हणशील तर झेन ३ आणि सहा कोअर. नावात एका आकड्याचा फरक, दुकानदार दोन्ही एकाच सुरात सांगतो. त्यात ७५२० ला रॅम ऑनबोर्डच येते, बोर्डावर सोल्डर केलेली. उद्या वाढवायची म्हणून मागचं झाकण उघडशील तर स्लॉटच नाही. त्या मशीनला "पुढे बघू" नसतं.

तुझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष त्याच्यावर निघेल, ते मी नाकारत नाही. ड्रॉइंग, थोडं प्रोग्रॅमिंग, पीडीएफ. दुसऱ्या वर्षी थ्रीडी मॉडेलचं सॉलिडवर्क्स आलं की रडशील. ते स्वतःच किमान १६ जीबी मागतं. विंडोज आणि ब्राउझरच्या दहा टॅब मिळून चार-पाच जीबी आधीच खाऊन बसतात. उरलेल्यात चाळीस-पन्नास पार्टची असेंब्ली उघडलीस की रॅम भरते, मशीन एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या डिस्कवर, ओझं टाकायला लागतं, कर्सर अडकतो, आणि सेव्ह करताना सगळं गोठतं. मग तू रात्री दोनपर्यंत जागशील आणि आम्हाला सांगशील, "सगळं मस्त चाललंय." मला भीती याची आहे, लॅपटॉपची नाही.

केळीचं काय झालं ते भाऊनंच तुझ्या कानावर घातलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. वादळात बाग आडवी झाली, खरंय. पण मळ्याचा हिशेब मळ्यात. लॅपटॉपचे सत्तर हजार तुझी बारावी संपायच्या आधीपासून वेगळे ठेवलेत. मोठ्याईच्या पाटल्यांना कोणी हात लावलेला नाही, ते मनात आणू नकोस.

बरं, आता काय बघायचं. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एच हवा. आय५ १३४२० एच किंवा त्याच तोडीचा रायझन. यू वाला कमी विजेवर चालतो, बॅटरी जास्त देतो, पण सलग लोड आला की दम टाकतो. रॅम १६ आणि तीही आठ-आठच्या दोन पट्ट्या. एकच पट्टी असली तर मेमरीचा रस्ता अर्धाच वापरला जातो. एक पट्टी आणि एक स्लॉट रिकामा, असा मिळाला तरी घे, दुसरी मी इथे बसवून देईन. एसएसडी ५१२ जीबीची, वेगवान एनव्हीएमई जातीची, आणि तशीच आणखी एक बसवायला दुसरा एम.२ स्लॉट असला तर उत्तमच. ग्राफिक्स आरटीएक्स ३०५०, सहा जीबीवालं. फक्त त्याची वॅटेज विचार. हेच कार्ड कंपनी ३५ वॅटवरही बसवते आणि ८० वरही, स्टिकर दोन्हीकडे सारखंच. दुकानात सांगता आलं नाही तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर टीजीपी म्हणून लिहिलेलं असतं. त्याहून मोठ्या कार्डाच्या मागे लागू नकोस. पार्टवर ताण किती येतो ते काढणाऱ्या आन्सिसच्या विद्यार्थी आवृत्तीत स्ट्रक्चरलला १२८ हजार नोडची, म्हणजे हिशेबाच्या बिंदूंची, मर्यादाच आहे, तेवढ्याला हे पुरतं. गेमिंग कार्डावर सॉलिडवर्क्सचं रिअलव्ह्यू, मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारं, सहसा चालू होत नाही, त्यानं काही अडत नाही. तुझ्या रूममेटची मॅकबुक देखणी आहे, पण सॉलिडवर्क्स आणि कॅटिया विंडोजवरच चालतात, विषय संपला.

स्क्रीनबद्दल मात्र ऐक. निट्स म्हणजे उजेड, एनटीएससी आणि एसआरजीबी म्हणजे रंगांची मापं. २५० निट्सची फिक्की, ४५ टक्के एनटीएससीवाली घेऊ नकोस. ३०० निट्सच्या वर आणि १०० टक्के एसआरजीबी असेल ती बघ. बारीक डायमेन्शनच्या रेषांकडे चार वर्षं तुला डोळे लावून बसायचंय. आठवीत फळ्यावरचं दिसत नव्हतं, ते तू वर्षभर सांगितलं नाहीस. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेत होतीस. बाई बोलल्या तेव्हा आम्हाला कळलं. का, तर त्याच वर्षी नानांचं ऑपरेशन झालं होतं. तेरा वर्षांची पोर आणि घरचा जमाखर्च डोक्यात घेऊन फिरते, याचं कौतुक करावं की दोन रट्टे द्यावेत, मला आजही कळत नाही.

असो. मी पुन्हा तिकडेच गेले.

वजन धरून बघ. या वर्गातलं मशीन सव्वादोन किलोच्या आसपास असतं, वर चार्जरची वीट अर्धा किलो. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येशील तेव्हा बॅग बर्थखाली नको, उशाशी. बॅटरी वॅट-अवरमध्ये मोज, तासांमध्ये नाही. तास जाहिरातीतले असतात. ५० वॅट-अवरची बॅटरी आणि नुसतं लिहिण्या-वाचण्याला दहा वॅट, म्हणजे पाच तास. थ्रीडी मॉडेल फिरवायला घेतलंस की दीड तासात चार्जर शोधशील. टेबलावर सतत लावून ठेवणार असलीस तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर कर, सेटिंग कंपनीच्याच ॲपमध्ये असतं.

गादीवर ठेवून काम करायचं नाही. हवा खालून आत जाते, गादीनं जाळी बुजली की मशीन तापतं आणि स्वतःचा वेग स्वतःच उतरवतं. बहुतेक लॅपटॉप बाहेरची हवा ३५ अंशांपर्यंत धरूनच बनवलेले असतात. मे महिन्यात तू घरी येशील तेव्हा इथे ४५ असतात, तेव्हा जड काम पहाटे उरकायचं. खालची धूळ वर्षातून एकदा मीच काढीन, तू फुंकणी घालू नकोस.

होस्टेलच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते विचार. पत्र्याच्या बॉडीवरून हात फिरवताना मुंग्या आल्या तर चार्जरची तिसरी पिन कुठे लागतच नाहीये असं समज. तीन पिनला दोन पिनचं कन्व्हर्टर लावायचं नाही.

झाकण मधोमध धरून उघड, कोपऱ्याला धरून नाही. बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकात बसवलेल्या पितळी नटांत असतात. बिजागरी घट्ट झाली आणि तू एकाच कोपऱ्यावरून ओढत राहिलीस की प्लॅस्टिक तडकून नट उपटून येतो. आधी बारीक "कट" असा आवाज होतो. त्या दिवशी मशीन दाखवलं तर काम थोडक्यात होतं. तसंच सहा महिने दामटलं की बॉडी फाटते, डिस्प्लेची केबल तुटते, मग बॉडी आणि स्क्रीन दोन्ही. आपल्या दुरुस्तीच्या टेबलावर असे लॅपटॉप रोज येतात आणि प्रत्येकाला तो आवाज पहिल्या दिवशी ऐकू आलेला असतो. तू तो आवाज आल्या दिवशी फोन करायचा. ओरडणार नाही. ओरडले तरी दहा मिनिटं.

दुकानात डबा तुझ्यासमोर फोडायला लाव. चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर बघ. "फॉर्म फॅक्टर"पुढे एसओडीआयएमएम असलं तर पट्टी निघते, "रो ऑफ चिप्स" असलं तर ऑनबोर्ड. स्लॉट किती वापरलेत तेही तिथेच. पांढरी आणि काळी स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल शोध. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून चालू झाली ते बघ. ती आधीच सुरू असेल तर मशीन परत कर. अपघाती नुकसानीचं संरक्षण मिळत असेल तर त्याच दिवशी घे, नंतर बहुतेक वेळा देत नाहीत. जीएसटीचं बिल तुझ्या नावावर.

फार लेक्चर झालं, माफ कर. तुझ्यापेक्षा जास्त आकडे पाठ आहेत एवढंच. तू मेकॅनिकल घेतलंस तेव्हा आख्ख्या गल्लीला मीच सांगत सुटले होते, ते तुला कोणी सांगितलं नसेल.

पप्पांच्या हाती बिबडे आणि कळण्याचं पीठ पाठवतेय. शनिवारी दुकानात गेलीस की पैसे देण्याआधी मला मेमरीच्या पानाचा फोटो पाठव, मी दुपारी फोन हातात ठेवीन.

आणि चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलास, ते खरं खरं सांग.

तुझी,
आई