बुधवारच्या चिकनची पण रेसिपी छापा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतलं पाककृतींचं पान मी दर आठवड्याला वाचते, पण चिकनची रेसिपी आली की ती कायम रविवारचीच असते, म्हणजे सुकं खोबरं भाजा, कांदा भाजा, खसखस घ्या, वाटण वाटा, मग फोडणी, मग रस्सा आणि शेवटी सिंकमध्ये भांड्यांचा ढीग. रविवारी तो रस्सा हवाच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आपल्याकडे बुधवारी आणि शुक्रवारी पण चिकन आणतात ना, आणि त्या दिवशी घरातली दोघंही आठ वाजता लोकलमधून उतरून घरी येतात, त्यांनी वाटण कधी करायचं?

म्हणून माझी विनंती आहे की एका ट्रेमध्ये चिकन आणि भाज्या एकत्र भाजायची रेसिपी तुम्ही नीट, तपशिलासकट छापावी. ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आता कितीतरी घरांत आहे पण तो केक आणि नानकटाईपुरताच चालू होतो, एरवी त्याच्यावर कव्हर असतं. आणि दुसरं म्हणजे चिकनच्या दिवशी आपल्या ताटात कांदा-लिंबू सोडलं तर भाजी नसतेच, ती या प्रकारात आपोआप येते आणि चिकनचा रस पिऊन भाजलेला बटाटा तर मुलं चिकनच्या आधी संपवतात.

चार जणांना चार लेगपीस घ्यावेत, ब्रेस्ट नको, तो पटकन कोरडा पडतो, मांडीचं मांस जास्त वेळ भाजलं तरी मऊच राहतं. चिकनवाला सांगितलं नाही तर कातडी काढूनच देतो त्यामुळे विथ स्किन आधीच मागायचं, नसेल तर दही-तेल जरा जास्त लावायचं. खोल चिरा देऊन हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण, लिंबू, थोडं दही आणि तेल लावून सकाळीच फ्रिजमध्ये ठेवून जायचं. खोबऱ्याचं वाटण यात लावू नका, एवढ्या आचेवर ते करपतं. आणि चिकन नळाखाली धरून धुवायची सवय खरंच सोडायला हवी, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर जातात.

ओव्हन २०० डिग्रीला, वरचा आणि खालचा असे दोन्ही रॉड चालू करून १०-१५ मिनिटं आधी तापवायचा, तेवढ्यात भाज्या चिरून होतात. बटाटा आणि गाजर शिजायला वेळ लागतो म्हणून फोडी इंचभराच्याच हव्यात, कांद्याच्या मोठ्या फाका आणि लसणाच्या पाकळ्या सालासकट टाकायच्या, सगळ्याला तेल-मीठ चोळून ट्रेत पसरायचं आणि वर चिकन. फ्लॉवर, सिमला मिरची मात्र शेवटच्या वीस मिनिटांत, नाहीतर लगदा होतो. ट्रे ठासून भरला की भाज्या भाजल्या न जाता वाफेवर उकडतात, सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, आणि रेसिपीत हे कुणी लिहीतच नाही! एकूण ४० ते ४५ मिनिटं लागतात, हाडाजवळ सुरी टोचून गुलाबी पाणी येत नाही ना बघायचं, थर्मामीटर असेल तर आत निदान ७४ डिग्री हवं. या वेळात कुणाला ओट्याशी उभं राहावं लागत नाही, आंघोळ होते, मुलांचा अभ्यास बघून होतो. बरोबर पाव किंवा गरम पोळी.

विजेचं म्हणाल तर १५०० वॅटचा ओव्हन तासभर चालला तरी दीड युनिटच्या आतच, कारण तापला की तो मधेमधे बंद होत असतो. फक्त तो १५ अँपियरच्या मोठ्या प्लगलाच लावा हे रेसिपीसोबत छापा, एक्स्टेंशन बोर्डवर लावणारे बरेच आहेत.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी जाड बुडाच्या लोखंडी कढईतली पण द्या, आधी चिकन लाल करून बाजूने बटाटे-कांदे, झाकण, मंद आच आणि शेवटची दहा मिनिटं झाकण काढून. आणि कृपया "ओव्हनमध्ये भाजून घ्यावे" एवढंच लिहून सोडू नका, डिग्री किती, मिनिटं किती, फोडी केवढ्या, ट्रे कुठल्या खाचेत हे सगळं द्या, मंगळवारच्या अंकात आलं तर अजून बरं, बुधवारी लगेच करता येईल.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली