खुले पत्र: शेवाळाच्या काळ्या पुडीची एकदा खरी परीक्षा घ्या

मा. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्री, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला 4 जानेवारी 2023 रोजी मंजुरी मिळाली आणि 19,744 कोटींचा आकडा सगळीकडे झळकला. त्यातले 17,490 कोटी इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारी यंत्रं) आणि हायड्रोजन तयार करणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून. संशोधनाच्या वाट्याला 400 कोटी, म्हणजे शंभरातले दोन रुपये. पैसे कमी पडले म्हणून गळा काढायला मी हे पत्र लिहीत नाही. त्या दोन रुपयांतले थोडे कुठे लावावेत, एवढंच सांगायचं आहे.

मी कोकणातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. ‘शेवाळापासून हायड्रोजन’ अशी बातमी आली की मुलं हमखास विचारतात, सर, हे खरं का? बातमीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत भरलेल्या असतात. पहिली जिवंत शेवाळाची. हिरवं शेवाळ हायड्रोजन सोडू शकतं, हे गॅफ्रॉन आणि रुबिन यांनी 1942 मध्येच दाखवलं. अडचण अशी की ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) हे घडतं ते ऑक्सिजन लागताच निकामी होतं, आणि प्रकाशसंश्लेषण तर ऑक्सिजनच तयार करतं! गंधक तोडून शेवाळाला उपाशी ठेवण्याची युक्ती पुढे निघाली, पण हाती येणारा वायू फारच थोडा. ही वाट लांबची आहे.

दुसरी गोष्ट मात्र आजच्या कारखान्याच्या जवळची आहे: शेवाळापासून उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया सोपी करणारा पदार्थ. एक किलो हायड्रोजनसाठी पाण्याच्या विद्युत विघटनात पन्नासहून अधिक युनिट वीज जाते. त्यातली किती फुकट जाणार, हे बऱ्याच अंशी उत्प्रेरकावर ठरतं. पीईएम इलेक्ट्रोलायझरला (यात दोन इलेक्ट्रोडांमध्ये प्रोटॉन जाऊ देणारा पातळ पडदा असतो) उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम आणि इरिडियम लागतं. इरिडियम जगभरात वर्षाला जेमतेम 7-8 टन निघतं, तेही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणीतलं जोडउत्पादन म्हणून. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं आपलं उद्दिष्ट त्या धातूच्या भरवशावर ठेवता येणार नाही.

मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर सारगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ वाढतं. ते धुऊन, रेती-मीठ काढून सोड्याच्या पाण्यात शिजवलं की अल्जिनेटचा, म्हणजे शेवाळातल्या लांब साखळ्यांच्या शर्करेचा, चिकट द्राव मिळतो. तो निकेलच्या क्षाराच्या द्रावणात थेंबथेंब सोडला की प्रत्येक थेंबाचा हिरवट मऊ मणी होतो. कोबाल्ट घेतलं तर गुलाबी. अल्जिनेटच्या साखळ्या धातूचे आयन सुटे सुटे पकडून ठेवतात. मणी वाळवून नायट्रोजनच्या भट्टीत सातशे-आठशे अंशांना तापवले की काळी पूड उरते, तीच आपला उत्प्रेरक: सच्छिद्र कार्बन आणि त्यात विखुरलेले धातूचे अतिसूक्ष्म कण. प्रथिनं जास्त असलेलं शेवाळ वापरलं तर त्यातलं नायट्रोजनही कार्बनमध्ये उतरतं. सारं साहित्य स्वस्त, आणि साध्या प्रयोगशाळेत जमण्यासारखं.

इथवर सगळं छान वाटतं. गोम पुढे आहे. शोधनिबंधांत अशा पुडीची तुलना बहुधा दर चौरस सेंटिमीटरला 10 मिलिअँपिअर प्रवाहावर होते, काही तास, फार तर काही दिवस. कारखान्यातल्या अल्कलाइन (क्षारीय द्रावणावर चालणाऱ्या) इलेक्ट्रोलायझरमध्ये प्रवाह त्याच्या वीस-तीस पट, कॉस्टिक पोटॅश 30 टक्के, तापमान 80 अंशांच्या आसपास, आणि अपेक्षित आयुष्य हजारो तासांचं. ऑक्सिजनच्या बाजूला तर कार्बन स्वतःच जळून झिजतो, म्हणून तिथे या पुडीवर मी पैज लावणार नाही. हायड्रोजनच्या बाजूला जरूर लावीन. आणखी एक खाचखळगा: समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा असेल तर त्यातलं थोडं विरघळून आपल्या पुडीवर येऊन बसतं. मग काम करतं प्लॅटिनम आणि कौतुक होतं शेवाळाचं.

आपल्या मंत्रालयाने जुलै 2024 मध्ये चाचणी सुविधांसाठी 200 कोटींची स्वतंत्र योजना आणली, हे चांगलंच झालं. माझी मागणी त्या योजनेला धरूनच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेत उत्प्रेरकांची दीर्घकालीन चाचणी करणारी केंद्रं उभारावीत आणि ती जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनाही खुली असावीत. आम्ही पन्नास ग्रॅम पूड पाठवू. तिथे ती कारखान्याच्या प्रवाहावर, प्लॅटिनमविना, किमान हजार तास चालवावी. निकाल चांगला येवो वा वाईट, तो संकेतस्थळावर जाहीर व्हावा. फसलेले प्रयोग दडवले जातात म्हणूनच दर दोन वर्षांनी तीच पूड नव्या नावाने परत येते.

समुद्री शेवाळ गोळा करण्याची कंत्राटं आणि किनाऱ्यावरचे कारखाने यांची घाई मात्र या चाचण्या होईपर्यंत नको. खडकावरचं शेवाळ म्हणजे माशांच्या पिल्लांचा आसरा. ते खरवडून नेलं तर आधी मच्छीमार रस्त्यावर येईल.

अलिबागजवळच्या थळच्या खतकारखान्यासारख्या ठिकाणी लागणारा हायड्रोजन आजवर नैसर्गिक वायूतूनच येत आला आहे, आणि त्या पद्धतीत किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हायड्रोजनला ‘हरित’ म्हणण्यासाठी आपल्याच मानकाची मर्यादा किलोमागे दोन किलोंची आहे. संशोधन प्रस्ताव मागवणारी पुढची सूचना निघेल तेव्हा हजार तासांची अट आणि निकाल जाहीर करण्याची अट तिच्यात घालावी, ही विनंती.

कळावे,

आपला,
कोकणातला एक रसायनशास्त्राचा शिक्षक