परदेशातल्या बातम्या कोपऱ्यात ढकलू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला इतिहास-भूगोल शिकवतो. तुमचा पेपर शाळेत रोज येतो आणि त्यातल्या परदेशातल्या बातम्यांची कात्रणं मी वर्गात लावतो. पण हल्ली या बातम्या इतक्या कमी झाल्यात की आठवड्याला दोन धड कात्रणं निघत नाहीत, म्हणून हे पत्र.

मागच्या हिवाळ्यात ब्राझीलमध्ये सोयाबीन जोरात आहे अशी चार ओळींची बातमी होती, ती लावली, तर मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणला, "सर, तिकडं पिकलं तर आमचा भाव का पडतो?" त्याच्या घरात बावीस कट्टे भाव वाढायची वाट बघत थप्पीला लागलेले. मग काय, तो तास त्या प्रश्नातच गेला. ब्राझीलचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या खाली, म्हणून तिकडं पेरणी आपल्या दिवाळीच्या आसपास आणि काढणी जानेवारी ते मार्च-एप्रिल, म्हणजे आपण थांबवून ठेवलेला माल बाहेर काढायला जातो तेव्हाच जगाच्या बाजारात नवा माल उतरलेला असतो. शिवाय खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली तेव्हा तेलाचं काय झालं होतं ते घरी आईला विचारून या म्हणलं, तर दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग सांगायला उभा! ऋतू उलटे का असतात हे पुस्तकातून मी कितीदा शिकवलं असेल, पण ते डोक्यात बसलं त्या दिवशी.

पाण्याचंही तसंच. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली होती, ते जुनं कात्रण दाखवलं आणि आपापल्या घरी मोजून या म्हणलं. एक मुलगी लिहून आली की घरात सहा माणसं, टँकरच्या दिवसांत मिळतात दहा घागरी. आता १२ लिटरची घागर धरा आणि करा हिशोब. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा ही लेकरं पाच-सहा वर्षांची, त्यांना काही आठवत नाही, पण आपली ती रेल्वे परदेशातल्या पेपरात पण छापून आली होती हे सांगितल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. मग प्रश्न सुरू झाले, त्यांनी आपल्याबद्दल काय लिहिलं, इथं येऊन लिहिलं की तिकडं बसून, उसाचं लिहिलं का. बातमी कुणी आणि कुठून पाठवली हे आधी बघायची सवय लागली, आता व्हॉट्सअॅपवर काही आलं तरी तेच विचारतात.

माझं मागणं मोठं नाही. आठवड्यातून एकदा अर्धं पान द्या. एकच बातमी पण नीट, कारणासकट, सोबत छोटा नकाशा आणि बातमी कुठल्या गावाहून, कुणी दिली ते स्पष्ट. मोबाईलवर सगळं मिळतं हे खरं, पण आमच्या वर्गात चाळीस लेकरं आणि चालणारा मोबाईल एक, भिंतीवर चिकटवलेला कागद मात्र सगळ्यांना दिसतो.

अजून एक. नववीला संयुक्त राष्ट्रांचा धडा आहे, पण आपल्याच हैदराबाद संस्थानाचा प्रश्न १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेपुढं गेला होता आणि पोलीस कारवाईनंतर निजामानं ती तक्रार मागं घेतली, हे इथल्या किती लेकरांना माहीत आहे? त्या वेळी बाहेरच्या पेपरांनी आपल्याबद्दल काय छापलं होतं ते येत्या १७ सप्टेंबरच्या पुरवणीत मराठीत द्या, मी ते पान दोन्ही वर्गांत लावतो.

आपला,
एक शिक्षक, ता. औसा, जि. लातूर