पहाटे चालायला शाळेचं ग्राउंड उघडून द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नवीन वर्ष लागलं की आपल्या पुरवणीत वजन कमी करायचे लेख येतात, मी ते सगळे वाचतो, काही कापून पण ठेवलेत. पण त्यातले फोटो जिममधले असतात, चालायचं म्हटलं तर मोठ्या शहरातल्या जॉगिंग ट्रॅकचा फोटो असतो. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि दहा वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसानं पहाटे नेमकं चालायचं कुठं हे कुणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहितोय. पत्र लांबलं तर वरचं कापा पण शेवटचं ग्राउंडचं तेवढं ठेवा.

मी एसटीत. वीस वर्षं कंडक्टर होतो, मग वाहतूक नियंत्रक झालो. कंडक्टरकी म्हणजे दिवसभर उभंच, चाळीस-पंचेचाळीस सीटची गाडी, वर बाजाराच्या दिवशी दारापर्यंत माणसं, त्यातनं पुढं मागं करत तिकीट फाडायचं, म्हाताऱ्या माणसाची पिशवी वर घ्यायची, गाडी मागं घेताना खाली उतरून बघायचं, परत चढायचं. सुरुवातीच्या काळात तर टपावर चढून सामान पण उतरवलंय. व्यायाम म्हणून वेगळा कधी केला नाही आणि वजन अडुसष्टच्या वर कधी गेलं नाही. कंट्रोलरच्या केबिनमध्ये आलो आणि सगळं बसून झालं. गाडी आली की रजिस्टरला नोंद, माइकवर घोषणा, परत नोंद, घरी आलो की दमलो म्हणून टीव्हीपुढं आडवा. खाणं मात्र तेच, कंडक्टर असतानाचं. चार भाकरी, स्टँडच्या कॅन्टीनचा वडापाव, आणि चहा तर ड्रायव्हर-कंडक्टर आले की त्यांच्याबरोबर, म्हणजे दिवसाला सात-आठ कप कुठं गेले नाहीत.

हे असं हळूहळू होतं की कळतच नाही. वर्षाला दोन-अडीच किलो. खाकी पँट दर दोन वर्षांनी टेलरकडं ढिली करून घ्यायची, त्यात आपण आजारी पडतोय असं कुठं वाटतं? मला कळलं ते एका संध्याकाळी. एक आज्जी गाडीत बसल्या आणि त्यांची औषधाची पिशवी माझ्या खिडकीपाशी राहिली, गाडी फलाटावरून निघून गेटकडं वळत होती. मी पिशवी घेऊन पळालो. केबिनपासून गेट म्हणजे सत्तर-ऐंशी पावलं असतील. कंडक्टरनं बघितलं, बेल दिली, गाडी थांबली, पिशवी दिली मी, आणि गेटच्या खांबाला धरून उभा राहिलो ते मला पाच मिनिटं बोलताच येईना. छातीत धडधड, डोळ्यापुढं काजवे, शर्ट भिजलेला. तो कंडक्टर पोरगाच, गाडीतनं उतरून आला, म्हणाला साहेब बसा जरा, पाणी पिता का. वीस वर्षं ज्या माणसानं पळती गाडी धरली त्याला सत्तर पावलं जमेनात, त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं गेलो. वजन ब्याण्णव, उंची एकशे अडुसष्ट, बीपी 150/96, आणि ती तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी असते एचबीएवनसी ती 6.2 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिस झालेला नाही पण उंबऱ्यावर उभा आहे. डॉक्टरांनी टेप काढून बेंबीच्या रेषेत कंबर मोजली, 108 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाची 90 च्या आत पाहिजे आणि बाईची 80 च्या आत, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं आणि मला वाटतं बऱ्याच वाचकांना माहीत नसेल, तर घरात शिलाईचा टेप असेल तो घेऊन आजच मोजा. वजनकाट्यापेक्षा हे महत्त्वाचं, कारण आपली माणसं हातापायानं बारीक दिसतात आणि चरबी सगळी पोटात असते. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिचा मोठा अभ्यास 2023 मध्ये छापून आला त्यात देशात 10 कोटींच्या वर डायबेटिसवाले आणि 13 कोटींच्या वर असे उंबऱ्यावरचे असा अंदाज आहे. त्या तेरा कोटींत मी होतो.

डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली ती इथं लिहितोच कारण ती आमच्या खात्याचीच वाटते. लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस म्हणून होते, त्यांनी तिथल्या बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर लोकांचा अभ्यास केला, 1953 साली तो छापून आला. तिथल्या बस दुमजली, कंडक्टर दिवसभरात पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढायचा आणि ड्रायव्हर बसून. डेपो तोच, पगारपाणी साधारण सारखंच, पण हार्टचा त्रास ड्रायव्हरांना जास्त निघाला. पुढं त्यांनी युनिफॉर्मची मापं पण तपासली तर ड्रायव्हरच्या पँटची कंबर तरुण वयापासूनच मोठी, म्हणजे सगळंच काही बसण्यानं झालं असं म्हणता येत नाही, हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे मांडलं. पण माझ्या बाबतीत दोन्ही मापं एकाच माणसाची आहेत ना. कंडक्टर असतानाची पँट घरात ट्रंकेत आहे, ती मी काढून नव्या पँटवर ठेवून बघितली, चार बोटांच्या वर फरक, दोन्हीकडनं.

आधी ज्या चुका केल्या त्या सांगतो. ओळखीच्या एकानं पावडरचा डबा दिला, जेवणाऐवजी प्यायचा, महिन्यात चार किलो उतरलं आणि डबा संपल्यावर दीड महिन्यात पाच चढलं. मग एका जिमची वर्षाची फी भरली, पहिल्याच दिवशी ट्रेनरनं साठ बैठका मारायला लावल्या, गुडघा असा सुजला की पंधरा दिवस जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होतो. ट्रेनर पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्याकडं येणारी पोरं बावीस वर्षांची, ब्याण्णव किलोचा बसका माणूस कसा उठवायचा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, मामा, दहा मिनिटं चाला, फक्त दहा, पण रोज. मला तर अपमान वाटला दहा मिनिटं ऐकून. पण पहिल्या दिवशी बारा मिनिटं चाललो आणि पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. मग आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत चार महिन्यांनी पाऊण तासावर आलो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं सांगते, पाऊण तास रोज केलं की ते आपोआप होतं. दहा हजार पावलांचं टेन्शन घेऊ नका, तो आकडा जपानमध्ये 1965 साली पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याच्या नावातला आहे, डॉक्टरी हिशोबातनं आलेला नाही. वेग एवढाच की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. ड्युटीवर पण बदल केला, घोषणा उभं राहून करतो आणि दर तासाला फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येतो.

नुसतं चालून भागत नाही हे पण उशिरा कळलं. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि बसणाऱ्याचे जास्तच, म्हणून मांडीत ताकद पाहिजे. मी लाकडी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं यानं सुरुवात केली, आठ वेळा. आठव्याला पाय थरथरायचे. आता पंधराचे तीन सेट करतो, भिंतीला हात लावून जोर मारतो आणि ज्या गुडघ्यानं मला घाबरवलं होतं तो आता जिन्यावर बोलत नाही.

खाण्याचं म्हणाल तर भांडणं डाएट सांगणारे दीक्षित की दिवेकर यावरच चालतात, दोन वेळा खावं का दर दोन तासांनी, त्यात मी पडत नाही, ज्याला जे वर्षभर जमतं ते त्याचं. आमच्या घरात काय झालं ते सांगतो. आमच्या सौ.नी एका संध्याकाळी माझ्या चहाचा हिशोब काढला. आठ कप, कपाला दोन चमचे, सोळा चमचे साखर. त्यांनी ती सोळा चमचे साखर खरोखर मोजून एका वाटीत ओतली आणि वाटी माझ्यापुढं ठेवली, एक शब्द बोलल्या नाहीत. वाटी काठोकाठ भरायला आली होती. सत्तर ग्रॅमच्या आसपास होते ती, म्हणजे साधारण तीनशे कॅलरी, आणि एवढ्या जाळायला मला तासभर चालावं लागतं. तेव्हापासून दोन कप, अर्धा-अर्धा चमचा. भाकरी चारच्या दोन केल्या पण पोट मारलं नाही, ताटात आधी काकडी, कांदा, मुळा, मग मटकी किंवा पिठलं किंवा दोन अंडी, मग भाकरी. घरात महिन्याला पाच लिटर तेल लागायचं ते साडेतीनवर आलं, ते सगळं श्रेय सौ.चं, मी फक्त खातो. लग्नकार्यात जिलेबी खाल्ली नाही असं नाही, खाल्ली, दुसऱ्या दिवशी परत चाललो.

चौदा महिन्यांत ब्याण्णवचं सत्त्याहत्तर झालं. मधे चौऱ्याऐंशीवर काटा अडीच महिने हललाच नाही, तेव्हा लय निराश झालो होतो, पण त्याच दिवसांत कंबर तीन सेंटिमीटरनं उतरली, म्हणून म्हणतो टेप लावा. साखर 5.6 आली, बीपीची गोळी डॉक्टरांनी निम्मी केली (स्वतःच्या मनानं कुणी कमी करू नका). आणि गेल्या आषाढात माउलींच्या पालखीबरोबर तरडगाव ते फलटण चाललो, वीस किलोमीटरच्या आसपास होतं ते. नोकरीत वारीच्या जादा गाड्या इतकी वर्षं सोडल्या पण पायी कधी गेलो नव्हतो. फलटणला पोचलो तेव्हा पायाला फोड होते पण दम लागला नव्हता.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते. आमच्या गावात बाग नाही, ट्रॅक नाही, गल्लीत गटारीची कामं आणि कुत्री. त्यामुळं पहाटे चालणारा प्रत्येक माणूस मोठ्या रस्त्याला जातो, बायपासला. उसाचा हंगाम चालू झाला की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्या रस्त्याला ट्रॅक्टर, एकाला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि पाच वाजता गुडूप अंधार. आम्ही पाच जण चालायचो. मागच्या डिसेंबरात एका ट्रॉलीतनं बाहेर आलेल्या उसाच्या मोळीचा फटका आमच्यातल्या एकाला बसला, तो साइडपट्टीच्या खाली चारीत गेला, मनगट मोडलं. डोक्याला लागलं असतं तर आज तो नसता. तो माणूस डायबेटिसचा, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलेला. त्यानं चालणं सोडलं, तीन महिन्यांत त्याची साखर परत वर गेली. आम्ही आता उजव्या बाजूनं, समोरून गाडी दिसेल असं चालतो, बॅटरी घेऊन, पण हा काय उपाय झाला?

बायांचं तर आणखी अवघड. साडी, पायात बूट, डोक्याला स्कार्फ अशा चार-चार जणी मिळून येतात, एखाद्या दिवशी त्यातल्या दोघी आल्या नाहीत की उरलेल्या दोघी घरी परत जातात, अंधारात दोघींनी कसं जायचं. आमच्या सौ.ची कंबर पण 80 च्या वर आहे, त्यांना मी रस्त्याला घेऊन जायला घाबरतो.

आणि त्याच रस्त्याला लागून शाळेचं ग्राउंड आहे. चारशे मीटरच्या आसपास फेरी होईल एवढं मोठं, भोवती कंपाउंड, दोन हायमास्ट दिवे लावलेले. गेटला कुलूप. आम्ही विचारायला गेलो होतो, उत्तर मिळालं की बाहेरची माणसं आली की कचरा होतो, काही झालं तर जबाबदारी कुणाची. त्यांची अडचण खोटी आहे असं मी म्हणणार नाही, दारूच्या बाटल्या सापडल्यात तिथं रात्रीच्या. पण पहाटे पाच ते साडेसहा या वेळेत येणारी माणसं म्हणजे डायबेटिसवाले, गुडघेदुखीवाले, बायका, रिटायर शिक्षक. शाळा भरायला त्याच्यानंतर कितीतरी वेळ असतो.

तर साहेब, आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा. प्रत्येक तालुक्याच्या गावात शाळा-कॉलेजचं, नाहीतर जिल्हा परिषदेचं एक तरी ग्राउंड असतंच, नवीन ट्रॅक बांधायला निधी मागायची पण गरज नाही. दीड तास सकाळी, जमलं तर तासभर रात्री जेवणानंतर, दोन दिवे चालू आणि गेट उघडं. चालणाऱ्यांची नावं, आधार नंबर रजिस्टरला लिहून घ्या, मला रजिस्टर लिहायची दहा वर्षांची सवय आहे, मी लिहीन. आठवड्याला एकदा ग्राउंड झाडून देऊ, आमच्यात चौदा जणांनी तसं सह्या करून दिलंय, तो कागद पत्रासोबत जोडलाय. गेट उघडायला पाच वाजता आणि कुलूप लावायला साडेसहाला मी स्वतः येईन, माझी ड्युटी आठची असते. फक्त चावी पाहिजे.

आपला,
एक वाहतूक नियंत्रक, जि. सातारा